गोटी गेली कुठे?

शिरूरहून दौंडला निघालेल्या गाडीत, मागच्या सीटवर गोटी हातातून निसटली. टक् असा एक आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. सीटखाली वाकून पाहिलं, मॅट उचलून पाहिली, बाजूच्या भावाला उठवून पाहिलं. गोटी नाही! दारं बंद, काचा बंद, मग ती गेली कुठे?

दोस्तांनो, गोटी लपली तरी गप्प बसत नाही. आपण कुठे आहोत ते ती वाटभर सांगत असते. ऐकायचं कसं तेवढं ठाऊक हवं.

न्हावरे मागे पडलं, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, केडगावहून आपण चौफुल्याला आलो. इथे सोलापूर महामार्ग लागतो आणि दौंडसाठी गाडी डावीकडे वळते. कान टवकारा. गाडी डावीकडे वळली, की कुठूनतरी घर्रर्र आवाज उजवीकडे सरकत गेला पाहिजे. खरं तर गोटी उजवीकडे पळाली नाही. ती बिचारी सरळच चालली होती, गाडी तिच्याखालून डावीकडे वळली. चालत्या वस्तूला कुणी अडवेपर्यंत ती त्याच दिशेने, त्याच वेगाने जात राहते. हेच ते जडत्व. शाळेत त्याची व्याख्या पाठ करावी लागते, पण चौफुल्याच्या वळणावर ते कानांनी ऐकता येतं.

आता शोध सोपा झाला. वळणावर आवाज आला, तर गोटीला आडवी मोकळी जागा आहे, म्हणजे ती बहुतेक सीटखाली लोळतेय. वळणावर शांत, पण ब्रेक लागताना आवाज पुढे जातो आणि वेग घेताना मागे येतो? मग ती सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्टीत पडली असणार. आणि फक्त खड्ड्यात नाहीतर स्पीडब्रेकरवर खडखडली, तर ती एखाद्या अरुंद कप्प्यात अडकलीय.

पट्टीतली गोटी साधी वाटते, पण ती सीट अडवू शकते. बाबांच्या जागी आजोबा चालवायला बसले, त्यांना सीट पुढे घ्यायचीय आणि ती जागची हलत नाही. पेनाचं टोपण, शेंगदाणा, लिमलेटची गोळी, कशानेही हे होतं. तुम्ही विचाराल, मग सीटशेजारची ती फट ठेवतातच कशाला? शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी तयार होतात. जीप कंपास ही गाडी २०१७ पासून तिथे बनते. इतकी यंत्रं, इतके इंजिनिअर, त्यांना एक फट बुजवता येत नाही? पण सीट सरकायची तर दोन्ही बाजूंना जागा सोडावीच लागते. जिथे काही हलतं तिथे फट असते आणि जिथे फट असते तिथे काहीतरी पडतं.

दाराचंही तसंच. काच खाली जाते तेव्हा ती दाराच्या पोटात शिरते. तिच्या कडेने पावसाचं पाणीही आत उतरतं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. म्हणजे दारात पाणी शिरणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं! मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. पण काचेच्या फटीतून चॉकलेटचा कागद किंवा सुकलेली पानं आत गेली आणि ती भोकं बुजली, तर पाणी आतच साचतं. दार उघडताना डुबुक डुबुक आवाज येतो आणि पत्रा हळूहळू गंजू लागतो.

नाण्याची करामत वेगळी. मोबाइल चार्जर खोचायच्या गोल खोबणीत तळाशी एक धातूचा ठिपका असतो आणि भोवती धातूची भिंत. आत पडलेलं नाणं दोघांना जोडतं. विजेला काहीच काम न करता परत जायचा जवळचा रस्ता मिळतो आणि ती भसकन वाहते. अशा वेळी फ्यूजमधली बारीक तार स्वतः वितळून बाकीच्या वायरी वाचवते. मोठी माणसं म्हणतात, "चार्जर बिघडला वाटतं!"

आता सगळ्यात धोक्याची वस्तू. ती आहे पाण्याची बाटली. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा आतली बाटलीही दर सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे चाललेली असते. समोर उसाची ट्रॉली दिसली, ब्रेक लागला, गाडी मंदावली. बाटली मंदावली नाही. ती सीटखालून घरंगळत चालवणाऱ्याच्या पायाशी येते. ब्रेकखाली अडकली तर? पाणी दाबून फारसं लहान होत नाही, त्यामुळे भरलेली, घट्ट बंद बाटली ब्रेकचं पेडल नीट खाली जाऊ देत नाही. ब्रेकची गरज असते त्याच क्षणी बाटली ब्रेकजवळ येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून बाटली दारातल्या खणात नाहीतर पिशवीत, चालवणाऱ्याच्या सीटमागे जमिनीवर कधीच नको. साधी मॅटसुद्धा पेडलमध्ये अडकू शकते. २००९ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीला त्याच कारणासाठी सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सूचना द्यावी लागली होती.

काही खडे बाहेरूनच येतात. कच्च्या रस्त्यावर उडालेला हरभऱ्याएवढा खडा चाकातली ब्रेकची तबकडी आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात शिरला, की अख्खा गाव वळून बघेल अशी किंचाळी निघते. टाकळी हाजीजवळ कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिलेत ना? पलीकडच्या काठावर निघोज आहे. तिथेही पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटेच गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात रांजण कोरले. नदीला त्यासाठी हजारो वर्षं मिळाली. गाडीतला खडा मात्र बहुतेक वेळा गाडी थोडी मागेपुढे घेतली की निघून पडतो. नाहीच निघाला तर गॅरेज गाठायचं.

फटीत पडलेलं रुपयाचं नाणं काढायला दोऱ्याला चुंबक बांधून सोडून बघा. रुपया पोलादाचा असतो, तो टकन चिकटतो. दहाचं नाणं सहसा चिकटत नाही, कारण त्याच्या मिश्रधातूंना चुंबक ओढत नाही. त्याच्यासाठी फूटपट्टीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळा. गाडी उभी आणि इंजिन बंद असतानाच हे करायचं, कुणीतरी मोठं सोबत हवं. सीटखाली पिवळ्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले तर तिथे बोटही लावायचं नाही. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरींचा.

शेताकडेला उभ्या गाडीत उंदीर आपलं सामान घेऊन येतात, दाणे, चिंध्या, गवत, आणि इंजिनाच्या उबेला घर मांडतात. पण मला सगळ्यात थक्क केलं ते कोळ्यांनी. २०११ मध्ये माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेतल्या हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोलच्या टाकीला हवा मिळावी म्हणून एक नळी असते. पेट्रोलचा वास आवडणारे पिवळसर कोळी त्या नळीत शिरून जाळी विणत होते. नळी बुजली की इंजिन पेट्रोल ओढतं, पण टाकीत बदली हवा येत नाही. आतला दाब घटतो आणि टाकीला तडा जाऊ शकतो. कंपनीने नळीत बारीक स्प्रिंग बसवली. २०१४ मध्ये गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण कोळ्यांनी स्प्रिंगमधूनही वाट काढली होती.