बॉम जेझस चर्चचे अंतरंग : नाम, देह आणि दृष्टीची दिशा

जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चचा उल्लेख बहुधा सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेच्या संदर्भात होतो. त्यामुळे ही वास्तू म्हणजे मुळात एका संताची समाधी होय, असा समज दृढ होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चर्चच्या बांधकामास 1594 मध्ये प्रारंभ झाला आणि 1605 मध्ये ते उपासनेसाठी विधिपूर्वक अर्पण करण्यात आले. झेवियर यांचे पार्थिव येथे आणले गेले ते त्यानंतर. म्हणजेच या वास्तूची मूळ संकल्पना देहाभोवती नव्हे, तर येशूच्या नामाभोवती रचलेली आहे. अंतर्भागातील चिन्हव्यवस्थेचा उलगडा या भेदापासूनच करावा लागतो.

नामाचे सूत्र प्रवेशापूर्वीच सुरू होते. जांभ्या दगडाच्या या वास्तूच्या दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी वसईहून काळा पाषाण आणला गेला. त्या भागाच्या शिरोभागी ‘आय-एच-एस’ ही तीन अक्षरे कोरलेली आहेत. ग्रीक लिपीतील येशूच्या नावाच्या आद्याक्षरांपासून सिद्ध झालेले हे चिन्ह येशूसंघाने, म्हणजे जेझुइटांनी, आपली मुद्रा म्हणून स्वीकारले होते. दारावरची ही मुद्रा आत पुन्हा भेटते. मात्र तिथपर्यंत नजरेला एक निश्चित मार्ग चालावा लागतो.

आतील दालन एकसंध आहे. बाजूच्या स्तंभरांगांनी त्याचे विभाजन केलेले नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या (1545–1563) काळात प्रवचन ऐकू यावे आणि वेदी दिसावी, या दोन गरजांना विशेष महत्त्व आले. रोममधील जेझुइटांच्या मुख्य चर्चची रचनाही याच स्वरूपाची आहे. बॉम जेझसमध्ये दक्षिणेच्या भिंतीवरील लाकडी प्रवचनपीठ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चार धर्माचार्य कोरले आहेत. तळाशी सात आकृती जणू ते पीठ तोलून धरतात. प्रवचनकार ज्या शब्दांचे निरूपण करतो त्यांची परंपरा त्याच्या पायाखालीच मूर्त झालेली असते.

मुख्य वेदीमागील सुवर्णमंडित काष्ठपटात या रचनेचे मर्म आहे. मध्यभागी बाल येशूची लहानशी मूर्ती असून तिच्या वर येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची भव्य प्रतिमा उभी आहे. ज्याच्या नावे चर्च आहे तो लहान आणि त्याचा सेवक मोठा, ही विसंगती प्रथमदर्शनी खटकते. परंतु इग्नेशियस यांची दृष्टी भक्ताकडे नसून ऊर्ध्व दिशेला आहे. त्या दृष्टीच्या टोकाशी तेजोवलयातील तीच तीन अक्षरे आहेत आणि त्यांच्याही वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्रैक्य आहे. त्यामुळे इग्नेशियस यांची मूर्ती येथे पूजाविषय म्हणून गौण ठरते. ती कसे पाहावे हे शिकविणारी, दर्शक मूर्ती आहे. ज्याला लॅटिन किंवा ग्रीक अक्षर वाचता येत नाही, त्यालाही संताच्या नजरेमागून त्या तेजापर्यंत पोहोचता येते.

या ऊर्ध्व अक्षाला छेद देते ती दक्षिणेकडील झेवियर यांची समाधी. झेवियर यांचे देहावसान 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील सँशियन बेटावर झाले. त्यांचे पार्थिव 1554 मध्ये गोव्यात पोहोचले. चांदीची पेटिका 1636–37 मध्ये गोव्यातील कारागिरांनी घडविली. तिचे अधिष्ठान असलेली संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांच्या आश्रयाने सिद्ध केली आणि ती 1698 मध्ये येथे उभारली गेली. तिच्यावरील चार कांस्यपट चरित्रप्रसंग सांगतात. अशा रीतीने मुख्य वेदी नामाकडे, तर समाधी देहाकडे आणि चरित्राकडे नेते. लोकश्रद्धेने दुसऱ्या केंद्राला अधिक जवळ केले. पण पहिल्या केंद्राचा विसर पडला, तर दुसऱ्याचाही अर्थ उणावतो. कारण झेवियर यांचे चरित्र त्या नामाच्या प्रसाराचेच चरित्र आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ते 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले, म्हणजे चर्चच्या अर्पणविधीनंतर 11 वर्षांनी, आणि त्याचा कर्ताही येशूसंघाचाच. वेदी आणि ग्रंथ यांत कार्यकारणसंबंध कल्पिण्याचे कारण नाही. तुलना मात्र उद्बोधक आहे. ओवीबद्ध पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून उद्धारापर्यंत कालक्रमाने, अवस्वरामागून अवस्वर उलगडत जाते. काष्ठपट तोच आशय एका उभ्या रेषेत, एकाच क्षणी समोर ठेवतो. एक श्रोत्यासाठी आहे, दुसरा प्रेक्षकासाठी.

मराठी संतपरंपरेतील नाममाहात्म्याशी या नामचिन्हाचे साम्य दाखविण्याचा मोह होतो. तो संयमाने आवरला पाहिजे. संतांचे नाम मुख्यतः उच्चाराचे व स्मरणाचे आहे. वेदीवरील नाम प्रथम दृष्टीचे आहे, आणि त्यावर एका संघाची मुद्राही उमटलेली आहे. हा भेद ध्यानी ठेवला तरच दोन्ही परंपरांना न्याय मिळेल आणि ‘क्रिस्तपुराणा’च्या वाचकालाही कळेल की, स्टीफन्स यांच्या संघाने जे दगडात व लाकडात डोळ्यांसाठी रचले, ते मराठीत कानांसाठी नव्याने रचावे लागले होते.