समुद्राचे गणित, हजारो हातांनी

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडकरांना दिवसाआड पाण्याची सवय लागली. शहराचे पाणी मुख्यत्वे पवना धरणातून येते आणि धरण भरते मोसमी पावसावर. या पावसाचा हंगामी अंदाज बांधायचा, तर समुद्राचेही गणित सोडवावे लागते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हे काम चालते.

संगणकात समुद्राचे असंख्य चौकोन पाडतात. प्रत्येकातील तापमान, क्षारता आणि प्रवाह टप्प्याटप्प्याने मोजत पुढे जातात. चौकोनाची लांबी-रुंदी निम्मी केली की चौकोन चौपट होतात. वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम आठपट!

म्हणून हे चौकोन हजारो प्रोसेसरमध्ये वाटून देतात. पण एका तुकड्यातले पाणी शेजारच्या तुकड्यात शिरतेच. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवावे लागतात. चाकणच्या कारखान्यात एक सुटा भाग उशिरा आला की लाइन थांबते, तसेच इथेही होते. शिवाय शंभर तासांच्या कामातले पाच तास वाटता येण्यासारखे नसतील, तर कितीही प्रोसेसर लावा, पाच तासांखाली जाता येत नाही.

संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्यूष’ आला, २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’. मात्र नुसते यंत्र पुरत नाही. कामाची वाटणी नीट होईल असा प्रोग्रॅमही लिहावा लागतो. वाचलेल्या वेळात तोच हंगाम थोड्या वेगळ्या सुरुवातीने अनेकदा चालवून पाहता येतो. त्यातूनच पावसाची शक्यता टक्क्यांत सांगता येते.