बाकाच्या पोटात

अ‍ॅल्युमिनियमच्या लहान नावेत सामानाला जागाच नसते. जाळे, दोर, डबा, पाण्याची कॅन, सगळे पायाशी लोळते आणि तळाशी साचलेल्या पाण्यात भिजते. मग नजर जाते आडव्या बाकांकडे. चारी बाजूंनी बंद पेटी. वरचा पत्रा कापून बिजागरी लावली की झाला खण, असे कोणालाही वाटेल. नागपुरात हे करून देणारे हातही जवळच सापडतात. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे पत्रा, अँगल, रिव्हेटची गन सारे असते.

पण ते बाक रिकामे नसते. विदर्भातल्या ढिवर मासेमारांचा लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी त्याचे लाकूड तरंगते. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड; नाव भरली की थेट तळ गाठणार. म्हणून चांगल्या नावेच्या बाकांत फोम भरलेला असतो. हिशेब सोपा आहे. ८० किलोची नाव पाण्याखाली सुमारे ५० किलो भरते, म्हणजे नुसती नाव वर ठेवायला ५० लिटरहून थोडा जास्त फोम लागतो. इंजिनासाठी आणि नावेला धरून राहणाऱ्या माणसांसाठी लागणारा फोम वेगळा. खणासाठी फोम उपसून फेकणारा माणूस नावेचा जीवच काढून टाकतो.

बाकाचे दुसरे काम दिसत नाही. ते नावेच्या दोन्ही कडा एकमेकींना बांधून ठेवते. त्याच्या उभ्या भिंतींना हात लावला की नाव पिळवटते आणि सांध्यांचे रिव्हेट ढिले होतात.

म्हणून कापायचे ते फक्त वरच्या पत्र्याच्या मधोमध. चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटरची पट्टी राखायची, तिला खालून अँगलचा आधार द्यायचा. कोपरे गोल हवेत, टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. झाकणाची कड खाली वळवली की पावसाचे पाणी आत जात नाही. स्क्रू साधे लोखंडी नकोत, पितळी तर मुळीच नकोत. पाण्याच्या संगतीने ते अ‍ॅल्युमिनियम खातात. काढलेला फोम तितकाच परत बसवायचा, तोही कडांना उंचावर, म्हणजे भरलेली नाव उलटत नाही. थर्माकोल चालत नाही, पेट्रोल सांडले की तो विरघळतो. बंद छिद्रांचा पॉलिइथिलीन फोम घ्यावा. आणि बॅटरी व पेट्रोलची टाकी एका खणात कधीच ठेवू नये.

अ‍ॅल्युमिनियम नागपूरला परके नाही. देशाचे अ‍ॅल्युमिनियम संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्र १९८९ मध्ये स्थापन झाले, ते इथेच, अमरावती रोडवरच्या वाडीत. नावही आता तलावापुरती उरलेली नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि बचाव पथकांना वस्त्यांमध्ये बोटी घालाव्या लागल्या. अशा वेळी दोर, विजेरी, औषधे कोरडी आणि हाताशी हवीत. त्यासाठी बाकाचा खण खरोखर मोलाचा आहे.

खण तयार झाला की काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात नाव मुद्दाम पाण्याने भरून पाहा. ती सरळ तरंगली तरच पुढे जा. आणि लाइफ जॅकेट मात्र त्या खणात ठेवू नका. २०१७च्या जुलैत आपल्याच वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली. जॅकेट अंगावरच असू द्या.