पितळेचं बारीक काम : घरात काय करायचं, काय नाही

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आपण बोलणार आहोत वीतभर लांबीच्या रणगाड्याबद्दल आणि त्यावर चिकटवायच्या पितळेच्या नाजूक भागांबद्दल. बचत गटाचा आणि रणगाड्याचा काय संबंध, असं वाटेल. पण बारीक हातकाम, घरी बसून मिळणारं काम आणि आपल्या खाडीचं पाणी, या तिन्ही गोष्टी या एका विषयात येतात.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, सैन्याचं रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झालं. सहलीला गेलेल्या मुलांनी ते पाहिलं असेल. १९७१ च्या युद्धात आपल्या सैन्याकडे सेंच्युरियन नावाचे रणगाडे होते. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल अशाच रणगाड्यातून लढताना शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. अशा रणगाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जोडून घरात ठेवण्याची हौस जगभर अनेकांना आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग डब्यात येतात, ते चिकटवायचे आणि रंगवायचे.

यात एक माप फार चालतं, ते म्हणजे ३५ पट लहान. सेंच्युरियनची लांबी तोफ सोडून साधारण साडेसात मीटर. तिला ३५ ने भागा. एकवीस-बावीस सेंटिमीटर येतात, म्हणजे एक वीत.

पितळ कशाला?

आता हाच हिशेब जाडीला लावा. खऱ्या रणगाड्याचं मडगार्ड ३ मिलिमीटर पत्र्याचं धरलं, तर ३५ पट लहान केल्यावर त्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भागही राहत नाही. साच्यातून काढलेलं प्लॅस्टिक इतकं पातळ निघत नाही. ते एक मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या मापात ते ३५ मिलिमीटरचं, म्हणजे लाकडी फळीसारखं दिसतं. इंजिनावरची जाळी, दिव्यांभोवतीचं कडं, कुदळ-फावडं अडकवायच्या पकडी हे सगळं प्लॅस्टिकमध्ये जाडंभरडं येतं. म्हणून हौशी लोक तेवढे भाग काढून टाकतात आणि त्या जागी ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचे भाग बसवतात.

हे भाग तयार कसे होतात?

इतकी बारीक नक्षी कात्रीने किंवा छिन्नीने निघत नाही. ती प्रकाशाने आणि रसायनाने कोरतात. याला फोटो-एचिंग म्हणतात. शेतात उन्हात काम करताना हात रापतो, पण बांगड्यांखालचा पट्टा वेगळाच राहतो. ऊन जिथे लागलं आणि जिथे लागलं नाही, तिथे फरक पडतो. इथेही तसंच आहे.

पितळेचा पत्रा स्वच्छ करून त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने घट्ट होणारा लेप लावतात. वर नक्षीची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश देतात. प्रकाश पडला तिथला लेप घट्ट होतो. बाकीचा लेप सोड्याच्या पाण्याने धुऊन निघतो आणि तिथलं पितळ उघडं पडतं. मग पत्रा फेरिक क्लोराईडच्या द्रावणात घालतात. उघडं पितळ विरघळतं, झाकलेलं राहतं. बाटिकच्या कापडावर मेण लावलेल्या जागी रंग चढत नाही, तोच हा प्रकार.

एखादी रेघ एकाच बाजूने उघडी ठेवली, तर पत्रा तिथे आरपार न जाता साधारण अर्धाच कोरला जातो. त्या रेघेवर तो अलगद वाकतो. खोका घडी घालण्यासाठी पुठ्ठ्यावर दाब दिलेली रेघ असते, तशी ही घडीची रेघ. दारावरच्या पितळी पाट्या आणि टीव्ही-मोबाइलमधल्या तारांच्या पाट्याही याच रीतीने कोरल्या जातात.

आपल्या चिंचणी-तारापूर पट्ट्याला नक्षीकाम नवं नाही. दागिन्यांच्या नक्षीचे ठसे, ज्याला आपण डाय म्हणतो, ते बनवणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे हात आणि छिन्नी कोरते, इथे रसायन कोरतं. बारीक नजर आणि धीर मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो.

घरात करता येईल असं काम

कोरून आलेला पत्रा हातात घेतल्यापासून पुढचं काम मेजावर होतं. मण्यांचं किंवा जरीचं काम करणाऱ्या बायकांचा हात त्याला लवकर बसतो.

सगळे भाग पत्र्याच्या चौकटीला लहान दांड्यांनी जोडलेले असतात. ते काच किंवा गुळगुळीत लादीवर ठेवून धारदार ब्लेडने कापायचे. मऊ पाटावर कापलं तर पातळ भाग वाकतो. कापताना दुसरं बोट भागावर ठेवा, नाहीतर तो उडतो आणि सापडत नाही. राहिलेलं टोक बारीक कानसेने घासा. घडी घालताना पोलादी पट्टीने भाग दाबून एकाच वेळी, सरळ वाकवा. पितळ पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवलं की रेघेवर तुटतं.

प्लॅस्टिकचा नेहमीचा गोंद इथे चालत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, धातूला धरत नाही. त्यासाठी झटपट चिकटणारा गोंद सुईच्या टोकाने टिपक्याएवढा लावा. आधी पितळ साबणाने धुऊन कोरडं करा, कारण बोटांचं तेल राहिलं तर गोंद आणि रंग दोन्ही सुटतात. रंगाआधी प्रायमरचा पातळ हात द्या. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि लहान मूल रांगतं त्या खोलीत हे काम करू नका.

घरात न करण्याचं काम

कोरण्याचं द्रावण घरात आणू नका. यूट्यूबवर प्लॅस्टिकच्या डब्यात एचिंग करून दाखवतात आणि ते सोपं दिसतं. पण फेरिक क्लोराईड डोळ्यांना आणि कातडीला भाजतं, भांडी खातं, आणि त्याचा डाग जात नाही. त्याहून मोठा प्रश्न उरलेल्या पाण्याचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते विरघळून त्याच पाण्यात राहतं. विरघळलेलं तांबं थोडंसुद्धा मासळीला आणि पाण्यातल्या बारीक जिवांना मारक असतं. मोरीत ओतलेलं पाणी गटारात जातं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत.

खाडी बिघडली की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. आपण कारखान्यांना जाब विचारतो, तर आपल्या मोरीतूनही तेच जाता कामा नये. एचिंगचं काम परवानगी असलेल्या आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागीच व्हावं. गटाने कोरलेला पत्रा तयार विकत घ्यावा.

काम घेण्याआधी

रणगाडा हे एक उदाहरण झालं. इमारतींची आणि रेल्वेची मॉडेल्स, देवघराची सजावट, कानातले यांतही असंच पितळ लागतं. कुणी गटाला असं काम देऊ केलं, तर होकार देण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, एक नमुना स्वतः पूर्ण करा आणि घड्याळ लावून किती मिनिटं गेली ते वहीत लिहा. नगामागचा दर त्या मिनिटांना भागून पाहा, मजुरीला परवडतो का. दुसरी, तुटलेल्या आणि हरवलेल्या भागाचा खर्च कुणाचा, हे कागदावर घ्या. तिसरी, अनामत मागितली तर थांबा. "आधी पैसे भरा, माल देतो, तयार वस्तू परत घेतो" असं सांगून नंतर गायब होणारे पुष्कळ असतात. गटाची बचत त्यात घालू नका. चौथी, कामात कुठलं रसायन आहे का ते विचारा. असेल तर त्याचं नाव, आणि उरलेलं पाणी कोण परत नेणार, हे लिहून मागा.

येत्या बैठकीत हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पितळेचं काम असो, इमिटेशन दागिन्यांचं असो की पॅकिंगचं, घरी येणाऱ्या प्रत्येक कामाला ते लागू पडतात.