भंगारातला 'मुस्तफा' : जुने व्हिडिओ गेम यंत्र कसे वाचवावे

मुंबईच्या मोहल्ल्यांत वाढलेल्या आणि आज चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'मुस्तफा' म्हटले की आधी खेळ आठवतो, मग कोणी ओळखीचा माणूस. या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. कथा मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकथाकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या मालिकेवरून घेतलेली. खेळात निवडायला चार पात्रे, त्यांतला एक मुस्तफा कैरो, नायकाचा इंजिनिअर साथीदार. एवढे लांबलचक इंग्रजी नाव पोरांच्या तोंडी कुठले बसायला! त्यांनी आपल्या ओळखीचे नाव उचलले आणि सगळा खेळच मुस्तफाचा झाला.

ती दुकाने गेली. आधी घरच्या टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. यंत्रे माळ्यावर, गोदामात, मागच्या बोळात पडून राहिली. आता जागा रिकामी करताना ती भंगारात निघतात आणि वजनावर विकली जातात. लाकूड जळाऊ म्हणून, लोखंड वेगळे, तांबे वेगळे. वास्तविक या यंत्रात लाकूड-लोखंडापेक्षा मोलाच्या दोन वस्तू असतात. एक पिक्चर ट्यूब आणि दुसरा खेळाचा बोर्ड. बहुतेक वेळा या दोन्ही वस्तू माल हाती आल्यावर पहिल्या तासाभरातच मारल्या जातात. आपल्यात टीव्ही मेकॅनिक आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत, भंगाराचे व्यापारी आहेत. हे काम या चौघांच्या हुनराचे आहे, म्हणून ते जरा सविस्तर मांडत आहोत.

पहिली गोष्ट, प्लग लावून पाहू नये. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी असेच एक यंत्र आमच्या हाती आले. चालते की नाही एवढेच पाहावे म्हणून थेट वीज दिली. पडद्यावर क्षणभर रंगांच्या पट्ट्या दिसल्या आणि नंतर काहीच नाही. आतल्या पॉवर सप्लायचे कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून सुकले होते. पाच व्होल्टच्या तारेवर त्याने भलताच दाब सोडला आणि बोर्डावरच्या चिपा गेल्या. त्या चिपांची सहनशक्ती सव्वापाच व्होल्टच्या आसपास संपते. दहा मिनिटांचा सबुरीचा प्रश्न होता.

तेव्हा क्रम असा ठेवावा. मागचे दार उघडून आधी ब्रशने धूळ काढावी आणि उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का ते पाहावे. बोर्डाचा जोड काढून बोर्ड बाजूला ठेवावा. मग पॉवर सप्लाय एकटाच, मेकॅनिकच्या टेबलावर असतो त्या सिरीज बल्बमधून चालवावा. बल्ब भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. पाच व्होल्टच्या तारेवर छोटासा लोड देऊन मीटरने मोजावे. पाच ते ५.१ आला आणि तिथेच स्थिर राहिला तरच पुढे जावे. वरखाली होत असेल तर कंडेन्सर बदलावेत किंवा सरळ नवा सप्लाय बसवावा. या एका भागात आम्ही जुन्याचा आग्रह धरत नाही. फक्त नव्या सप्लायमध्ये पाच, बारा आणि काही बोर्डांना लागणारा उणे पाच व्होल्ट, असे तिन्ही असल्याची खात्री करावी.

पिक्चर ट्यूब

रंगीत ट्यूबा बनवणारे मोठे कारखाने बंद होऊन आता वर्षे झाली. म्हणजे जी ट्यूब फुटली ती फुटली, तिच्या जागी नवी येणार नाही. भंगाराच्या गोदामात मात्र मजूर मानेवरच्या कॉइलच्या तांब्यासाठी पहिला घाव ट्यूबच्या मानेवरच घालतो. आत पोकळी असते, हवा शिरते आणि ट्यूब कायमची मेली. मूठभर तांब्यासाठी हा सौदा नुकसानीचा आहे. शिवाय ट्यूबच्या मागच्या काचेत शिसे असते. फुटलेली काच उघड्यावर टाकू नये, ई-कचऱ्याचे अधिकृत काम करणाऱ्याकडेच द्यावी.

ज्यांना टीव्हीचे काम माहीत नाही त्यांनी ट्यूबला हात लावूच नये. चालू अवस्थेत तिच्यावर वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो बराच काळ आत साठून राहतो. जाणते मेकॅनिक प्लग काढतात, चांगल्या मुठीच्या लांब पेचकसाला तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबवरून गेलेल्या उघड्या अर्थच्या जाळीला जोडतात. मग एक हात पाठीमागे ठेवून पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूला टेकवतात. थोड्या वेळाने पुन्हा एकदा तेच करावे लागते, कारण चार्ज परत उगवतो. आपल्याकडच्या यंत्रांत पुष्कळदा साध्या टीव्हीचीच चेसिस बसवलेली आढळते. अशी चेसिस घरच्या विजेशी थेट जोडलेली असू शकते. म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का ते पाहावे आणि नसेल तर लावावा. लोखंडी पॅनेलला हात लावून खेळणारी उद्या लहान पोरेच असणार आहेत.

चित्र वरखाली धावत असेल तर घाबरू नये. आपला टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रांचा आणि हा बोर्ड साठीच्या जवळ चालणारा, त्यामुळे व्हर्टिकल होल्ड फिरवून तो बसतो. चित्र फिके किंवा कडांना आकसलेले असेल तर चेसिसचे कंडेन्सर बदलावेत. रंगाचे डाग दिसले तर चुंबकत्व काढावे. संगणकाचा मॉनिटर लावून पाहणारे फसतात. या बोर्डाची चाल सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी काढण्याची आहे, तर संगणकाचा जुना व्हीजीए मॉनिटर एकतीस हजारांखाली सहसा उतरत नाही.

बोर्ड आणि त्यातला सेल

बोर्ड यंत्राला ज्या जोडाने जोडतात त्याला जामा म्हणतात. जपानच्या व्यवसाय संघटनेने १९८५ च्या सुमारास तो ठरवून दिला. दोन बाजूंना अठ्ठावीस-अठ्ठावीस अशी छप्पन टोके त्याला असतात. उलटा लावला तर बोर्ड जळतो. तसे होऊ नये म्हणून सातव्या टोकाशी खाच असते, पण स्थानिक जोडकामात ती पट्टी पुष्कळदा नसतेच. तेव्हा काढण्यापूर्वी खडूने खूण करावी. या जोडात दोघांचीच बटणे मावतात. मुस्तफा तिघांना खेळता येतो, म्हणून तिसऱ्याची तार वेगळी असते. ती फालतू समजून कापू नये.

आता बोर्ड अस्सल की नकली हे पाहावे. अस्सल माल हा एकावर एक बसवलेल्या बोर्डांचा संच असतो आणि त्यावर कॅपकॉमचे नाव छापलेले असते. नकली बोर्डावर कंपनीचे नाव नसते आणि चिपांवरची नावे पुष्कळदा खरवडलेली असतात. इथे एक गंमत आहे. नक्कल रोखण्यासाठी कंपनीने अस्सल संचात एक कुलूप घातले होते. आवाजाचा प्रोग्रॅम गुप्त लिपीत ठेवला आणि ती वाचण्याची किल्ली चिपच्या आत, छोट्या लिथियम सेलच्या जोरावर तगवली. सेल संपला की किल्ली पुसली जाते आणि चांगला धडधाकट बोर्ड मुका होऊन पडतो. जगभरचे शौकीन त्याला आत्महत्येचा सेल म्हणतात. नक्कल करणाऱ्यांनी ही भानगडच काढून टाकली आणि आवाजाची दुसरी स्वस्त व्यवस्था बसवली. त्यामुळे चोरीचा माल आजही वाजतो आणि खरा माल मरतो! कंपनीने ग्राहकाचा विचार केला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून अस्सल बोर्डाचा सेल जुना दिसला तरी झटकन काढू नये. पण मेलेला बोर्डही भंगारात देऊ नये. २०१० नंतरच्या दशकात काही अभ्यासकांनी या चिपा उलगडून किल्ली पुन्हा भरण्याची रीत जगापुढे मांडली. ज्याला चिपांचे काम येते अशा माणसाकडून ते करून घ्यावे. सेल पाझरून हिरवी बुरशी आली असेल तर मात्र थांबू नये, तो पाझर ट्रॅक खातो. चिपांच्या पाठीवर चिकटवलेले कागद सोलू नयेत. काहींच्या खाली काचेची खिडकी असते आणि उन्हातल्या किरणांनी आतला मजकूर पुसला जातो.

पेटीबद्दल फार सांगायला नको, सुतार बांधव जाणतात. तळाचे प्लाय पाण्याने फुगलेले असते, तेवढा पट्टा कापून नवा जोडावा. सगळी पेटी नवी करण्याच्या मोहात पडू नये. नाणे टाकायचे दार, जुनी बटणे, झिजलेले चित्र यांवरूनच यंत्राचे वय कळते. बटणाखालचा मायक्रोस्विच बदलला की बटण पुन्हा टकटक वाजू लागते. लांबी लावून चकचकीत रंग दिलेले यंत्र दुकानात उठून दिसते खरे, पण जाणकार गिऱ्हाईक नाक मुरडतो.

विक्रीचे बोलायचे तर सध्या पुष्कळजण आतले सगळे काढून हजार खेळांचा एक स्वस्त बोर्ड आणि सपाट पडदा बसवतात आणि 'जुने यंत्र' म्हणून विकतात. तसा धंदा करायचा तर करावा, पण त्याला जुने म्हणू नये. काय बदलले, काय मूळचे आहे, बोर्ड अस्सल की नकली, हे कागदावर लिहून गिऱ्हाइकाला द्यावे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत. शौकीन माणूस ऐब सांगितल्यावर भाव पाडतो हे खरे, पण तोच माणूस पुढचे यंत्र बिघडले की तुमच्याच दुकानी येतो.

आणि ने-आण करताना यंत्र उभेच न्यावे. आडवे करणे भागच पडले तर पाठीवर टाकावे, पडद्यावर नव्हे. ट्यूबचे सगळे वजन पुढच्या काचेकडे असते आणि तिची मान मागच्या दारापासून चार बोटांवर, हे हमालांना आधी दाखवून ठेवावे.