मुक्या जिवांचा वैद्य

माणूस आजारी पडला म्हणजे कोठें दुखतें व केव्हांपासून दुखतें, हें तो आपल्या तोंडानें सांगतो. कुत्रें, मांजर, ससा किंवा पाखरूं यांना तें सुख नाहीं. त्यांच्या वतीनें बोलणारा एकच, त्यांचा धनी. आणि तें बोलणें ऐकून, प्राण्यास तपासून रोग ओळखणारा एकच, पशुवैद्य. या दोघांची ओळख प्राण्याच्या आजारापूर्वींच झालेली असावी, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे. आपल्या नांदेड व लातूर शहरांत कुत्र्यामांजरांबरोबर ससे आणि पिंजऱ्यांतील परदेशी पक्षीही घरोघरीं दिसूं लागले आहेत. परंतु वैद्य शोधण्याची धांदल बहुधा प्राणी मरणाच्या दारीं पोंचल्यावर सुरू होते, आणि तेव्हां वेळ हातची गेलेली असते.

ही विद्या आपल्या देशास नवी नव्हे. अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचें नांव परंपरेनें चालत आलें आहे. घोड्यांच्या वैद्यास पूर्वीं ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द याच नांवापासून आला. हत्तींच्या वैद्यकावरील ग्रंथ पालकाप्याच्या नांवावर आहे. युरोपांत पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समधील लियाँ शहरीं १७६१ सालीं मंजूर झाली. गुरांचा संहार करणारी बुळकांडीची सांथ हें तिच्या स्थापनेचें एक मोठें कारण होतें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पुढें याच विद्येच्या बळावर २०११ सालीं बुळकांडी साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीच्या रोगाखेरीज मनुष्यानें समूळ नष्ट केलेला असा हा एकच रोग होय.

आपल्या भागांत पशुवैद्य म्हटला कीं प्रथम गोठाच डोळ्यांपुढें येतो, आणि तें साहजिकच आहे. कंधारच्या नांवानें ओळखली जाणारी लाल कंधारी आणि देवणीच्या नांवानें ओळखली जाणारी देवणी, हीं गोधनें याच दोन जिल्ह्यांचीं भूषणें. माळेगांवच्या खंडोबाची यात्रा तर गुरांच्या व घोड्यांच्या बाजारासाठींच दूरवर प्रसिद्ध आहे. त्यामुळें सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास लोक ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात आणि तेथें कुत्रें किंवा मांजर नेण्यास संकोचतात. हा संकोच अनाठायीं आहे. पशुवैद्यकाचा पदवीधर बैलाप्रमाणेंच कुत्र्याचें, मांजराचें व कोंबडीचेंही शास्त्र शिकलेला असतो. मात्र रोजचा हात कशावर बसला आहे, हा प्रश्न निराळा; म्हणून तो आधींच नम्रपणें विचारून घ्यावा.

वैद्य खरा कोण, हेंही जाणलें पाहिजे. पशुवैद्यकाची पदवी साडेपांच वर्षांची असून त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यांतील उमेदवारीचें असतें. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वयें पदवीधराचें नांव परिषदेच्या नोंदवहींत दाखल झाल्यावरच त्यास हा व्यवसाय करतां येतो. नोंदणीक्रमांक विचारणें हा अपमान नव्हे. खरा वैद्य तो आनंदानें सांगतो. प्राणी विकणारा दुकानदार किंवा औषधें विकणारा दुकानदार, कितीही अनुभवी असला तरी, वैद्याची जागा घेऊं शकत नाहीं.

शोध कोठें करावा? प्रथम आपल्या आळींत ज्यांचें कुत्रें म्हातारें होऊनही धडधाकट आहे, त्यांस विचारावें. त्यांचा वैद्य बहुधा चांगला असतो. मग सरकारी दवाखाना आणि शहरांतील खासगी दवाखाने पाहावे. रोग अवघड असल्यास लातूरकरांस उदगीर आणि नांदेडकरांस परभणी जवळ आहे. परभणीचें पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ सालीं व उदगीरचें १९८७ सालीं स्थापन झालें. दोन्हीं आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं आहेत. अशा ठिकाणीं शस्त्रक्रिया, औषध व रोगनिदान यांचे निरनिराळे अध्यापक एकाच आवारांत भेटतात. रात्रीं अगर सुटीच्या दिवशीं कोणाकडे जावें, हेंही पहिल्याच भेटींत विचारून घरच्या भिंतीवर लिहून ठेवावें.

पहिली भेट प्राणी निरोगी असतांनाच घ्यावी. कुत्र्याच्या पिलास पार्व्हो नांवाचा भयंकर रोग होतो. त्यांत वांत्या व रक्ताचे जुलाब होऊन पिलूं थोड्याच दिवसांत दगावतें. त्याची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पिलूं चार महिन्यांचें होईपर्यंत देतात. पिसाळरोगाची लस तिसऱ्या महिन्यांत देऊन पुढें वैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी लागते. या सर्वांची नोंद एका वहींत ठेवावी आणि प्रत्येक भेटीच्या वेळीं ती बरोबर न्यावी. असें काम घरांतील विद्यार्थ्याकडे सोंपवावें. त्यानें त्यास नियमितपणाही येईल.

आजाराच्या वेळीं धन्याची खरी कसोटी लागते. ‘हा खात नाहीं’ एवढेंच सांगून वैद्यास फार बोध होत नाहीं. शेवटचें केव्हां खाल्लें, पाणी किती प्यालें, वांती किती वेळां व कोणत्या रंगाची झाली, मलमूत्र कसें आहे, लंगडतें तें कोणत्या पायानें, घरांत उंदरांचें औषध ठेवलें होतें काय, हें क्रमवार सांगावें. जें पाहिलें तें आणि जें केवळ तर्कानें वाटतें तें, हीं वेगवेगळीं ठेवावीं. घरीं कांहीं औषध दिलें असल्यास तें लपवूं नये. त्या लपवण्यानेंच उपचार चुकतो. कुत्र्याच्या अंगास हात लावून ताप ठरवूं नये. माणसाचें उष्णतामान ९८.६ अंश असतें. कुत्र्याचें व मांजराचें प्रकृति उत्तम असतांनाही सुमारें १०१ ते १०२.५ अंश असतें.

माणसांचीं औषधें प्राण्यांस देणें हा तर मोठाच प्रमाद होय. तापावर आपण सर्रास घेतों ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते, कारण तें औषध पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. आयबुप्रोफेननें कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होतात. कांदा, चॉकलेट, द्राक्षें व मनुका हीं आपलीं आवडतीं खाद्येंही कुत्र्यास विषासमान आहेत. कुत्र्याच्या गोचिडांवरील कित्येक औषधें मांजरास मारक ठरतात. म्हणून ‘प्राणी लहान, तर गोळीही अर्धी’ हा हिशेब सर्वस्वीं खोटा आहे. वैद्यानें सांगितलेलें औषध मात्र, प्राणी बरा दिसूं लागला तरी, मुदत पुरी होईपर्यंत द्यावें.

परदेशी प्राण्यांच्या बाबतींत अधिक सावधगिरी पाहिजे. ज्यांस आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, ते पुष्कळदां ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात. पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. रानांत दुबळा दिसला कीं तो भक्ष्य होतो, म्हणून निसर्गानेंच त्यास ही संवय लावली आहे. पिसें फुगवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसलेला पक्षी उद्यांवर टाकूं नये. त्यास पिंजऱ्यासह झांकून न्यावें आणि तळचा कागद साफ करूं नये. विष्ठा पाहूनच वैद्यास पुष्कळ कळतें. सशानें अर्धा दिवस कांहीं खाल्लें नाहीं, तर त्याच्या आंतड्यांची गति मंदावते व तो दगावूं शकतो. अशा प्राण्यांसाठीं वैद्यास सरळ विचारावें, ‘आपण असे किती तपासले आहेत?’ ‘मला हा विषय कमी ठाऊक आहे, मी दुसऱ्यास विचारतों,’ असें म्हणणाऱ्या वैद्यावर अधिकच विश्वास ठेवावा.

येथें कायद्याचीही आठवण द्यावी लागते. आपला रानांतील हिरवा पोपट आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलें कांसव, हीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित असून घरीं पाळणें गुन्हा आहे. असा जीव जखमी सांपडल्यास वनखात्यास कळवावें. कांहीं परदेशी जातींची नोंदणीही आतां सक्तीची झाली आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वींच चौकशी करावी.

दोन प्रसंगीं मात्र क्षणाचाही विलंब नको. पहिला, आपल्या कडक उन्हाळ्यांतील उष्माघात. कुत्र्यास माणसाप्रमाणें घाम येत नाहीं; तें धापा टाकूनच अंग निववतें. जीभ लाल, लाळ चिकट आणि पाय लटपटत असतील, तर सावलींत नेऊन साध्या पाण्यानें भिजवावें, वारा घालावा व तसेंच वैद्याकडे न्यावें. दुसरा प्रसंग माणसाच्याच जिवावरचा. कुत्रें चावलें किंवा त्यानें ओरबाडलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहीं लावूं नये आणि त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. पिसाळरोग एकदां प्रकट झाल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. परंतु वेळेवर घेतलेली लस त्यास रोखते. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ती प्रथम टोंचली, व तो मुलगा वांचला. मुलांनीं रागाच्या भीतीनें असा चावा कधींही लपवूं नये, आणि आईबापांनींही तें सांगणाऱ्या मुलावर रागावूं नये.

शेवटीं खर्चाविषयीं. उपचारास काय लागेल, हें वैद्यास आधींच विचारण्यांत कमीपणा नाहीं. ऐपत नसल्यास तसें मोकळेपणानें सांगावें. वैद्य बहुधा स्वस्त व तितकाच योग्य मार्ग काढतो. पण लशीचा खर्चही झेपत नसेल, तर प्राणी आणण्याची हौस थोडी पुढें ढकलावी. पिलूं घरांत आणण्याआधीं त्याचा वैद्य ठरवावा. कारण ज्यास आपण दावें बांधलें, त्याला स्वतःच्या पायांनीं दवाखान्याची वाट धरतां येत नाहीं. ती वाट त्याच्यासाठीं आपणच चालली पाहिजे.