परदेशची मास्तरकी आणि मुदतीचा करार



दोन वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, आमच्या युनियनच्या कचेरीत एक बाई आल्या. आमच्याकडे येणारी माणसे बहुधा कारखान्यातली, गोदीतली, नाहीतर नगरपालिकेच्या सफाई खात्यातली. या बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांचा भाऊ आमचा जुना सभासद. त्याच्या ओळखीने आल्या होत्या. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा पुष्कळ आहेत. तशा एका शाळेत त्या दोन वर्षांच्या करारावर गेल्या होत्या. तिथल्या या शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते आणि जुलै-ऑगस्टात उन्हाळ्याची सुट्टी पडते. बाई त्या सुट्टीत घरी आल्या होत्या. कराराचे पंधरा महिने भरले होते, नऊ उरले होते. खुर्चीवर टेकताच त्यांनी विचारले, "भाऊ, मी परत गेलेच नाही, तर मला पकडतील का?"

त्यांची हकीकत जगावेगळी नव्हती. मुलाखतीत नववी-दहावीचे गणित शिकवायचे ठरले होते. प्रत्यक्षात त्याखेरीज पाचवीचे दोन वर्ग, शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचे काम आणि रजेवर गेलेल्यांचे बदली तास त्यांच्या माथी आले. दोन महिन्यांचा पगार थकलेला. पदवीची मूळ प्रमाणपत्रे पडताळणीच्या नावाखाली शाळेने ठेवून घेतलेली. जाताना एजंटाला द्यायचे पैसे भावाने पतपेढीतून काढले होते आणि त्याचे हप्ते अजून चालू होते. हे सगळे सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चूक माझीच. सही मीच केली होती."

आमचे स्वतःचे शालेय शिक्षण नववीत थांबले. कायदा आम्ही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि हाती पडतील त्या पुस्तकांतून. पण "सही केली म्हणजे बांधले गेलो" आणि "न सांगता निघून आलो म्हणजे सुटलो" या दोन समजुती आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींनी माणसांचे नुकसान केलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

"पकडतील का" या प्रश्नामागे जुना इतिहास आहे. १८५९ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात एक कायदा केला. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम टाकले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने काम पुरे कर किंवा पैसे परत कर असा हुकूम द्यावा. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा आणि मजुराने मोडला तर तुरुंग. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. मॉरिशस, फिजी, नाताळ येथे नेलेल्या आपल्या मजुरांचा पाच वर्षांचा करार, ज्याला ते 'गिरमिट' म्हणत, तोही याच जातीचा होता. काम चुकवणे हा तिथे गुन्हा होता. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो तेव्हा नामंजूर झाला. फिजीतील उरलेली गिरमिटे १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाली. बाईंच्या मनातली भीती या काळापासून चालत आलेली आहे.

आज आपल्या देशात नोकरीचा करार मुदतीआधी सोडणे हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. कोर्ट भरपाई देववील, पण शिक्षकाला खडू हाती देऊन वर्गात उभे करणार नाही. ही भरपाई किती? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी ठरेल तेवढेच द्यावे लागते. मात्र यावरून बाँड म्हणजे रद्दी कागद, असे कोणी समजू नये. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे नोकरी करण्याची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट, दोन्ही वैध ठरवल्या. एजंटाने इथे लिहून घेतलेल्या कागदावर सही करताना हे ध्यानात ठेवावे.

आता अमिरातीकडे वळू. तिथल्या खासगी शाळांतील शिक्षक खासगी क्षेत्राच्या कामगार कायद्याखाली येतात. १९८० चा जुना कायदा कडक होता. मुदतीचा करार आधी सोडणाऱ्याकडून मालक दीड महिन्याच्या पगारापर्यंत भरपाई मागू शके आणि पाच वर्षांहून कमी नोकरी झालेली असली, तर ग्रॅच्युइटीही बुडे. गावोगावी परतलेले लोक आजही तेच सांगतात. पण २ फेब्रुवारी २०२२ पासून नवा कायदा लागू झाला आणि चित्र पालटले.

नव्या कायद्याप्रमाणे राजीनाम्याची नोटीस करारात लिहिलेली असेल तेवढी, म्हणजे किमान तीस आणि कमाल नव्वद दिवसांची द्यावी लागते. त्या दिवसांचा पगार मिळतो. नोटीस पुरी केली नाही, तर उरलेल्या दिवसांचा पगार कामगाराने मालकाला द्यायचा. उमेदवारीचा काळ, ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो, तो सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. त्या काळात देश सोडून जायचे असेल, तर चौदा दिवसांची लेखी नोटीस पुरते. त्याच देशात दुसऱ्या शाळेत जायचे असेल, तर एक महिन्याची. आणि भरतीचा खर्च जुन्या शाळेला नव्या शाळेने भरून द्यायचा. शिक्षकाने नव्हे.

एक वर्ष सलग पुरे झाले की राजीनामा देणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार आणि पुढे दरवर्षी तीस दिवसांचा. यात 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. समजा एकूण पगार ५००० दिरहॅम आहे. त्यात मूळ पगार ३००० धरला असेल, तर एका वर्षाची ग्रॅच्युइटी २१०० दिरहॅम होते. मूळ पगार २००० धरून बाकी भत्त्यांत दाखवला असेल, तर १४००. हातात येणारा पगार दोघांचा सारखाच. फरक कळतो तो निघताना. सगळा हिशेब नोकरी संपल्यापासून चौदा दिवसांत चुकता करायचा असतो.

मालकानेच करार मोडला असेल तर? पगार थकवणे हे मालकाने जबाबदारी मोडणेच होय. अशा वेळी कामगाराने निघण्याआधी चौदा कामाचे दिवस तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला कळवायचे. मंत्रालयाने सांगूनही मालकाने चूक सुधारली नाही, तर नोटीस न देता आणि हक्क न गमावता नोकरी सोडता येते. कामगाराची अधिकृत कागदपत्रे मालकाने अडकवून ठेवणे आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे, या दोन्ही गोष्टी त्या कायद्याने मना आहेत. पासपोर्टाविषयी तर आपला १९६७ चा कायदाच सांगतो, की तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जो मालकाचा नाही, तो मालकाने कपाटात कसा ठेवावा?

आणि न सांगता निघून येणाऱ्याचे काय होते? सलग सात दिवसांहून अधिक काळ ठावठिकाणा न देता गैरहजर राहिलेल्या कामगाराविरुद्ध मालक मंत्रालयात तक्रार नोंदवू शकतो. ती टिकली, तर वर्षभर त्या देशात कामाचा परवाना मिळत नाही. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मागायची, तर ती हजारो मैलांवरून. तिथल्या बँकेचे कर्ज मागे ठेवून आलेल्याची गत आणखी बिकट. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने अमिरातीचा समावेश अशा देशांत केला, ज्यांच्या दिवाणी न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयामार्फत बजावता येतात. विमानात बसलो की मागचे सगळे मिटले, हे तेव्हापासून खरे राहिलेले नाही.

एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नये, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या सौदी अरेबियात मुदतीचा करार वैध कारणाशिवाय मोडला आणि करारात भरपाईचा वेगळा आकडा नसला, तर उरलेल्या मुदतीच्या पगाराइतकी भरपाई मोडणाऱ्यावर येऊ शकते. राजीनामा तोच, पण सीमेच्या अलीकडे एक फळ आणि पलीकडे दुसरे.

आमच्या अनुभवाने सांगतो, माणसाला परदेशी अडकवून ठेवते ते करारापेक्षा कर्ज. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात २००७ पासून फिलिपीन्समधून सुमारे साडेतीनशे शिक्षक नेले गेले. एकेकाला सोळा हजार डॉलरच्या आसपास खर्च पडला. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या पगारातला दहावा हिस्सा एजंट कंपनीला देण्याचे लिहून घेतले होते. कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडणार कशी? तिथे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही शिक्षकांची युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. २०१० मध्ये दावा लागला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे पंचेचाळीस लाख डॉलर देवविले. अमिरातीत युनियन काढण्याची मुभा नाही. तिथे एकट्या शिक्षकाला आधार असतो तो त्याच्या हातातल्या कागदांचा.

म्हणून जाण्याआधीच हे कागद नीट करावेत. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या व्यवस्थेत दहावी उत्तीर्ण माणसाला सहसा परवानगीच्या चाळणीतून जावे लागले नाही. शिकलेला माणूस आपले आपण पाहील, अशी त्यामागची कल्पना. परिणाम असा, की गवंड्याचा करार कोणीतरी वाचून पाहतो आणि मास्तरांचा कोणीच पाहत नाही. तेव्हा तो आपणच वाचावा. मूळ पगार किती, नोटीस किती दिवसांची, कोणते वर्ग व किती तास, परतीचे तिकीट कोणाचे, हे चार मुद्दे लिहिलेले नसतील, तर सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण हातची सोडू नयेत. कराराची एक प्रत घरी ठेवावी. अडचण आलीच, तर भारतीय वकिलातीत आणि परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या व्यवस्थेत लेखी तक्रार करता येते.

आता शेवटचा मुद्दा. गिरणीतला माणूस निघून गेला, तर साचा थांबतो आणि दुसरा माणूस तो चालवतो. शिक्षक निघून गेला, तर वर्गातली तीस-चाळीस मुले वर्षाच्या मध्यावर उघडी पडतात. त्या मुलांनी कोणताच करार केलेला नसतो. यावर कोणी म्हणेल, मग शिक्षकाने कधी सोडूच नये काय? तसे नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेचे बंधन पत्करले होते. टिळकांनी १८९० सालीच ती सोडली. मतभेद झाले तेव्हा त्यांनी आपली बाजू सविस्तर लिहून राजीनामा दिला. लोक त्यांच्याशी सहमत असोत वा नसोत, ते का गेले हे कोणाला विचारावे लागले नाही. सोडण्याची ही रीत आम्हाला प्रामाणिक वाटते.

बाईंना आम्ही एवढेच सांगितले, "बाई, सोडायची तर खुशाल सोडा. पण पळून येऊ नका. राजीनामा देऊन या." त्या ऑगस्टअखेर परत गेल्या. थकलेल्या पगाराची मंत्रालयात तक्रार केली, पगार मिळाला. मग करारातल्या साठ दिवसांची नोटीस दिली, सहामाही परीक्षा घेतली, पेपर तपासून गुण भरले. एकोणीस महिन्यांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी सुमारे तेहतीस दिवसांच्या मूळ पगाराइतकी झाली. ती आणि प्रमाणपत्रे शेवटच्या आठवड्यात हाती आली. परतीचे तिकीट मात्र स्वतःच्या पैशाने काढावे लागले, कारण राजीनामा त्यांचा होता. ते कायद्याला धरूनच झाले, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

दिवाळीनंतर त्या कचेरीत पेढे घेऊन आल्या. पतपेढीचे अजून सात हप्ते उरले होते. जवळच्या एका शाळेत अर्ज केला होता. तिथे मागची नोकरी का सोडली असे विचारतील, तेव्हा काय सांगायचे याची त्यांना काळजी होती. आम्ही म्हणालो, "राजीनाम्याची प्रत आहे ना? तीच दाखवा." ती त्यांच्या पिशवीतच होती.